रुग्ण गेल्यावर उरलेलं मॉर्फिन, डॉक्टरांच्या बॅगेतला साठा आणि मोफत औषधवाटप: कायदा कुठवर मोकळीक देतो?

सायली_गडहिंग्लज

नमस्कार. गडहिंग्लज-चंदगड भागात अंथरुणाला खिळलेल्या कर्करोगाच्या रुग्णांची घरी जाऊन सेवा करणारा आमचा छोटा ट्रस्ट आहे. एक एमबीबीएस डॉक्टर, दोन नर्स, बाकी स्वयंसेवक. ट्रस्टकडे औषधविक्रीचं लायसन नाही आणि मॉर्फिनसाठी (तीव्र वेदनेवरचं नियंत्रित औषध) लागणारी मान्यताही नाही. आमच्या रुग्णांना मॉर्फिन मिळतं ते मान्यताप्राप्त रुग्णालयांतून, त्यांच्या स्वतःच्या नावावर. प्रश्न असे:

१) रुग्ण गेला की घरात गोळ्या उरतात. सध्या एका घरी मॉर्फिन १० मिलिग्रॅमच्या ४६ गोळ्या आणि अल्प्राझोलाम ०.५ मिलिग्रॅमच्या (चिंतेवरची, झोप आणणारी गोळी) दोन पट्ट्या आहेत. घरचे म्हणतात, दुसऱ्या कुणाला द्या, वाया का घालवायच्या? शेजारच्याच गावात त्याच डोसवरचा एक रुग्ण आहे आणि त्याच्या गोळ्या तीन दिवसांत संपतील. देता येतील का?

२) डॉक्टरांनी स्वतःच्या बॅगेत मॉर्फिन, ट्रामाडॉल, झोपेच्या गोळ्या किती ठेवाव्यात?

३) नर्सने किंवा स्वयंसेवकाने रुग्णालयातून मॉर्फिन आणून रुग्णाच्या घरी पोचवलं तर चालतं का?

४) आम्ही मोफत शिबिरं घेतो. लोक घरात उरलेल्या औषधांच्या पट्ट्या दान देतात, त्या तिथे वाटतो. पैसे घेत नाही तर लायसन कशाला, असं विश्वस्तांचं म्हणणं आहे.

उत्तरं विश्वस्तांपुढे ठेवायची आहेत, त्यामुळे कलम-नियमासकट मिळाली तर बरं.

---

फार्मसिस्ट_मिरज

सायलीताई, चौथ्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चं कलम १८(क) लायसनशिवाय औषध विकायलाच बंदी करतं असं नाही. विक्रीसाठी साठवणं, विकायला मांडणं आणि वितरण करणं हे शब्दही त्यात आहेत. वितरणात पैशाचा व्यवहार असावाच लागतो असं कुठे म्हटलेलं नाही. म्हणजे फुकट दिलं तरी कलम लागू शकतं. शिक्षा कलम २७(ब)(२) मध्ये आहे: किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ५ वर्षं कैद, आणि दंड किमान १ लाख रुपये किंवा जप्त औषधांच्या किमतीच्या तिप्पट, यांपैकी जे जास्त असेल ते. विश्वस्तांना हा आकडा आधी वाचून दाखवा.

मग डॉक्टर दवाखान्यातून गोळ्या देतात ते कसं? त्यांना औषधे नियम १९४५ मधल्या नियम १२३ आणि शेड्यूल के (सूट कुणाला, कोणत्या अटींवर याची यादी) यांनी सूट दिली आहे. तुमच्या कामाच्या नोंदी तीन.

नोंद ५: नोंदणीकृत डॉक्टर स्वतःच्या रुग्णाला औषध देऊ शकतो. त्याने उघडं दुकान मांडलेलं नसावं आणि काउंटरवरून विक्री करू नये.

नोंद ५-ए: सरकारी किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेचं रुग्णालय, दवाखाना. ट्रस्टच्या दवाखान्याने हिच्यावर विसंबू नये.

नोंद २३: प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्रातले आरोग्यसेवक, एएनएम (सहायक परिचारिका), गावातले आरोग्य स्वयंसेवक, अंगणवाडी सेविका. औषध केंद्र किंवा राज्य सरकारच्या आरोग्य अथवा कुटुंबकल्याण कार्यक्रमातलं असेल तरच. तुमची एखादी स्वयंसेविका आशा कार्यकर्ती असली, तरी ट्रस्टच्या गोळ्या वाटताना तिला ही सूट नाही. ती सूट कार्यक्रमाची आहे.

उरली नोंद ५. ही सूट अटींसकट येते आणि एक अट मोडली तर सूटच जाते. पहिलीच अट: औषध लायसनधारक विक्रेत्याकडून किंवा उत्पादकाकडूनच घेतलेलं हवं. औषधाचं नाव, किती घेतलं, बॅच नंबर, उत्पादकाचं नाव-पत्ता, पुरवठादाराचं नाव-पत्ता, सगळं नोंदलेलं हवं, आणि ड्रग इन्स्पेक्टरने मागितलं की दाखवायला हवं. आता दान आलेल्या पट्ट्या बघा. बिल नाही. अर्धी पट्टी कापलेली, नेमका बॅच आणि एक्स्पायरीचा तुकडा कापून गेलेला. ती पट्टी कुणाच्या खिडकीत तापली की फ्रीजवर पडून होती, तेही ठाऊक नाही. अशी पट्टी तुमच्या टेबलावर आली की नोंद ५ तुमच्या मदतीला येत नाही. म्हणून घरोघरच्या पट्ट्या गोळा करणं आजच बंद करा. रोख देणगी घ्या आणि लायसनधारक मेडिकलमधून डॉक्टरांच्या सहीच्या लेखी ऑर्डरवर औषधं घ्या. डॉक्टर, रुग्णालय किंवा नर्सिंग होमला शेड्यूल एच आणि एक्सची (नियमांतल्या याद्यांमधली, चिठ्ठीवरच मिळणारी) औषधं अशा लेखी ऑर्डरवरच देता येतात आणि दुकानदाराला ती ऑर्डर २ वर्षं जपावी लागते. तुम्हीही झेरॉक्स ठेवा. बिल डॉक्टरांच्या नावावर घ्या, ट्रस्टच्या नको. सूट डॉक्टरला आहे.

शेड्यूल जी, एच, एक्सच्या औषधांसाठी आणखी काम करावं लागतं. पाकिटावर डॉक्टरचं नाव-पत्ता आणि डोस लिहायचा. एक रजिस्टर ठेवायचं, प्रत्येक नोंदीला क्रमांक द्यायचा आणि तोच क्रमांक पाकिटावर घालायचा. नोंद अशी दिसते:

११८ । दिनांक । रुग्णाचं पूर्ण नाव । ट्रामाडॉल ५० मि.ग्रॅ. कॅप्सूल, १० नग । सकाळी १, रात्री १, पाच दिवस । डॉक्टरांचं नाव

पाकिटावरही ११८. रजिस्टर शेवटच्या नोंदीपासून २ वर्षं जपायचं. एच-१ च्या औषधांनाही हीच शिस्त लावा. तपासणीत आधी हेच जुळवून बघतात: खरेदीच्या बिलावर १०० कॅप्सूल, रजिस्टरमध्ये ६० दिल्याची नोंद, तर कपाटात ४० आहेत का? ३५ निघाल्या की पाचाचा हिशोब तिथेच द्यावा लागतो. व्हाइटनर लावू नका. चूक झाली तर एक रेघ मारून बाजूला सही करा.

शिबिरात डॉक्टरने तपासलं, केसपेपर झाला, त्यावर औषध लिहिलं आणि त्यांच्या देखरेखीखाली दिलं, तर तो "स्वतःचा रुग्ण" म्हणता येतो. पण डॉक्टर आतल्या खोलीत आणि बाहेर स्वयंसेवक "सर्दीला हे, सांध्याला ते" म्हणून प्रतिजैविकं वाटतोय, असं चित्र असेल तर ते वितरणच. फार्मसी कायदा १९४८ चं कलम ४२ सुद्धा आड येतं: चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मसिस्टनेच द्यायचं, अपवाद स्वतःच्या रुग्णाला देणाऱ्या डॉक्टरचा. एक फार्मसिस्ट शिबिराला बसवलात तर निम्मी काळजी मिटते. जवळच्या फार्मसी कॉलेजात विचारा, नोंदणीकृत शिक्षक आनंदाने येतात.

---

निखिल_पाटील७

मॉर्फिनचं एवढं टेन्शन घेऊ नका. चिठ्ठी असेल तर १०० गोळ्यांपर्यंत कुणीही जवळ ठेवू शकतो, एनडीपीएसच्या (अमली पदार्थांच्या कायद्याच्या) नियमातच आहे. तुमच्या ४६ च आहेत.

---

डॉ_वेदनाशमन

निखिल, हे दुरुस्त करायलाच हवं, नाहीतर कुणीतरी वाचून अडचणीत येईल. १०० चा आकडा एनडीपीएस नियम १९८५ च्या नियम ६६ मधला आहे आणि तो सायकोट्रॉपिक (मनावर परिणाम करणाऱ्या) पदार्थांसाठी आहे: अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम, आणि २६ एप्रिल २०१८ पासून ट्रामाडॉलही. स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी १०० डोस युनिट. उपचार दीर्घ मुदतीचा असेल आणि डॉक्टरने तसं स्पष्ट लिहून दिलं असेल तर ३०० पर्यंत. मॉर्फिन नार्कोटिक, म्हणजे अफूच्या वर्गातलं औषध आहे. त्याला हा नियम लागत नाही.

मॉर्फिनचा रस्ता वेगळा. २०१४ मध्ये एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती झाली आणि "अत्यावश्यक नार्कोटिक औषध" हा नवा वर्ग आला. २०१५ मध्ये त्यात सहा औषधं घातली: मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन, कोडीन. त्याआधी प्रत्येक राज्याचे नियम निराळे होते आणि एका रुग्णालयाला मॉर्फिनसाठी अनेक लायसनं एकाच वेळी चालू ठेवावी लागत. एकाची मुदत संपली की दुसरं निरुपयोगी. त्यामुळे कित्येक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं आणि रुग्ण कळवळत राहिले. आता देशभर एकच नियमावली आहे आणि मान्यता देणारं कार्यालय एकच: राज्याचा औषध नियंत्रक, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासन.

या नियमावलीचा नियम ५२-ए तिघांना तीन वेगळ्या मोकळिकी देतो.

रुग्णाला: त्याच्या वापरासाठी एका वेळी नियमाने जेवढं विकलं किंवा दिलं गेलं तेवढं तो बाळगू शकतो. इथे मिलिग्रॅमची मर्यादा नाही. दर चार तासांनी १० मिलिग्रॅम घेणाऱ्याला दिवसाला सहा गोळ्या, दोन आठवड्यांना ८४ गोळ्या, म्हणजे ८४० मिलिग्रॅम. ते त्याच्या घरात पूर्ण कायदेशीर आहे. काही कुटुंबं पोलिसांच्या भीतीने गोळ्या गोठ्यात नाहीतर माळ्यावर लपवतात आणि रात्री दुखणं उसळलं की सापडत नाहीत. त्यांना सांगा: लपवू नका, कुलपात ठेवा. चिठ्ठी, रुग्णालयाचं कार्ड आणि गोळ्यांचं पाकीट एकाच डब्यात.

डॉक्टरला: स्वतःच्या प्रॅक्टिसमध्ये वापरायला मॉर्फिन ५०० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे १० च्या ५० गोळ्या. फेंटानिलचे (मॉर्फिनसारखंच वेदनाशामक) त्वचेवर चिकटवायचे दोन पॅच, ताशी १२.५ मायक्रोग्रॅमचा एक आणि २५ चा एक. पण हे विकायला किंवा वाटायला नाही. "प्रॅक्टिसमध्ये वापर" याचा नियमातला अर्थ: आपल्या देखरेखीखालच्या रुग्णाला प्रत्यक्ष औषध देणं. तुमच्या डॉक्टरांनी घरी जाऊन वेदनेत असलेल्या रुग्णाला समोर गोळी दिली तर ते यात बसतं. दोन आठवड्यांच्या ८४ गोळ्या बॅगेतून काढून ठेवून आले तर बसत नाही. शिवाय ५० गोळ्यांत ८४ येतही नाहीत. बॅग तातडीसाठी आहे.

संस्थेला: मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था असेल तर तिच्या मंजूर गरजेप्रमाणे.

या तिन्हींत ट्रस्ट, स्वयंसेवक, शेजारी कुठेच नाहीत. कुणाकडे, कुणासाठी, कोणत्या कागदावर, या तीन प्रश्नांची उत्तरं जुळली तरच मोकळीक लागू होते.

त्यावरून पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, त्या ४६ गोळ्या दुसऱ्या रुग्णाला देता येणार नाहीत. ज्याच्या वापरासाठी दिल्या तो माणूस राहिला नाही, त्याच्या नावाची मोकळीकही तिथेच संपली. दुसऱ्या रुग्णाचा डोस तोच असला तरी त्या गोळ्या त्याच्या वापरासाठी दिलेल्या नाहीत. वैद्यकीय बाजूनेही मी देणार नाही. मूळ पाकिटातल्याच गोळ्या आत आहेत की कुणी त्यात दुसऱ्या मिसळल्या, हे खात्रीने कुणी सांगू शकत नाही.

तिसरा प्रश्न. रुग्ण स्वतः येऊ शकत नसेल तर नातेवाइकाने रुग्णालयातून औषध आणणं ही रोजची पद्धत आहे. नर्सने आणायचं असेल तर किमान एवढं करा: रुग्णाचं किंवा घरच्यांचं सहीचं अधिकारपत्र, मूळ चिठ्ठी, रुग्णाच्या आणि नर्सच्या ओळखपत्राची प्रत, रुग्णालयाने रुग्णाच्या नावाचं लेबल लावून बंद केलेलं पाकीट, त्याच दिवशी पोच आणि घरी मोजून घेतल्याची सही. पाकीट ट्रस्टच्या कार्यालयात रात्रभर ठेवायचं नाही. आणि स्वयंसेवकाला हे काम देऊ नका. त्याच्या मोटरसायकलच्या डिकीत तीन रुग्णांची तीन पाकिटं सापडली तर तो सेवा करतोय हे त्याला रस्त्यावर सिद्ध करत बसावं लागेल.

---

अॅड_शिंदे_औषधकायदा

डॉक्टरांनी नीट मांडलंय. खटल्याच्या अंगाने थोडी भर.

एनडीपीएसचं कलम ८(क) मुळात सगळंच मना करतं आणि वैद्यकीय किंवा वैज्ञानिक कारणासाठी, नियमात सांगितलेल्या पद्धतीने आणि मर्यादेतच दार उघडतं. नुसतं "कारण वैद्यकीय होतं" एवढं पुरत नाही. त्यात कलम ५४: माल ताब्यात सापडला आणि तुम्हाला त्याचा समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर गुन्हा केला असं न्यायालय गृहीत धरू शकतं. म्हणून कागद आधी लागतो. नंतर मिळवलेली चिठ्ठी बचावाला येते, पण अटक थांबवत नाही.

वजनाचं गणित लोकांना माहीत नसतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात ठरवलं की औषध दुसऱ्या निरुपद्रवी पदार्थात मिसळलेलं असेल तर पूर्ण मिश्रणाचं वजन धरायचं. आता अल्प्राझोलाम ०.५ घ्या. १०० गोळ्यांत खरं औषध ५० मिलिग्रॅम. पण एक गोळी १०० मिलिग्रॅम वजनाची धरली तर काट्यावर १० ग्रॅम दिसतात. अल्प्राझोलामची "अल्प मात्रा" ५ ग्रॅम आहे. मॉर्फिनचीही ५ ग्रॅम. तुमच्या ४६ गोळ्यांत औषध ४६० मिलिग्रॅमच आहे, पण गोळी १२० मिलिग्रॅमची असेल तर वजन साडेपाच ग्रॅमच्या वर जातं. अल्प मात्रेला कमाल १ वर्ष कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. त्यावर, पण व्यापारी मात्रेच्या खाली असाल तर कमाल १० वर्षं आणि १ लाखापर्यंत दंड. "थोड्याशा तर गोळ्या आहेत" हे वाक्य वकिलाला ऐकवू नका, काट्याला विचारा.

फार्मसिस्ट साहेबांच्या नोंद ५ बद्दल: मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरवरचा कलम १८(क)चा खटला रद्द केला. त्यांच्या जागेत थोडी मलमं आणि लोशनं सापडली होती. डॉक्टरकडे रुग्णांपुरती थोडी औषधं असणं म्हणजे दुकान थाटून विक्री नव्हे, असा न्यायालयाचा कल होता. निकाल दिलासा देणारा आहे, पण तो त्वचेच्या औषधांच्या किरकोळ साठ्यावर आहे. ट्रामाडॉलच्या दहा पेट्या ठेवून या निकालाकडे बोट दाखवू नका. आणि दोन्ही कायदे एकाच वेळी लागतात. एनडीपीएसचं कलम ८० हेच सांगतं. एका कायद्यात सूट मिळाली म्हणून दुसरा सोडत नाही.

---

मानसी_ठाणे

विषय थोडा वेगळा, पण १०० डोसवरून आठवलं. आईला क्लोनाझेपाम कायम चालू आहे आणि ती सहा महिन्यांसाठी भावाकडे दुबईला जाणार आहे. ३०० पर्यंत चालेल ना?

---

अॅड_शिंदे_औषधकायदा

मानसीताई, १०० आणि ३०० हे आपल्या देशातल्या बाळगण्यापुरते आहेत. विमान उतरलं की तिथला कायदा. संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित औषध नेण्याआधी तिथल्या सरकारी यंत्रणेची ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. ती निघण्याआधी घ्या, विमानतळावर नाही. अर्जासाठी इंग्रजीत टाइप केलेली चिठ्ठी आणि डॉक्टरांचा निदान व डोस लिहिलेला अहवाल जवळ असू द्या, नाव पासपोर्टवर आहे तसंच. सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम नेण्यापेक्षा परवानगीइतक्या न्या आणि पुढच्या तिथल्या डॉक्टरकडून लिहून घ्या. गोळ्या मूळ पट्टीत. प्लास्टिकच्या सकाळ-दुपार-रात्रच्या डबीत भरून नेऊ नका.

उलट दिशेला, बाहेरून भारतात स्वतःसाठी औषध सामानात आणताना औषधे नियमांच्या नियम ३६ प्रमाणे एका औषधाचे १०० सरासरी डोसच चालतात. त्यावर आगाऊ परवाना लागतो.

---

सायली_गडहिंग्लज

सगळ्यांचे मनापासून आभार. विश्वस्तांची बैठक रविवारी आहे, शिबिरातल्या दान-पट्ट्या आजपासून बंद केल्या. दोनच गोष्टी उरल्या. त्या ४६ गोळ्यांचं आता नेमकं काय करू? आणि ज्या रुग्णाच्या गोळ्या तीन दिवसांत संपतायत त्याला मधे सोडता येणार नाही, त्याचं काय?

---

डॉ_वेदनाशमन

आधी जिवंत रुग्ण.

मॉर्फिन एकदम बंद झालं तर वेदना उसळतेच, वर घाम, जुलाब, अस्वस्थपणा असा विथड्रॉवल येतो. म्हणून आजच त्याच्या मूळ रुग्णालयाच्या पॅलिएटिव्ह (बरा न होणाऱ्या रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या) विभागाला फोन करा. केस नंबर, चालू डोस, शिल्लक गोळ्या आणि संपण्याची तारीख, या क्रमाने सांगा. नातेवाइकाला रुग्णाचं कार्ड आणि ओळखपत्र घेऊन उद्याच पाठवा, तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका. त्या रुग्णालयाकडे साठा नसेल तर त्यांनाच विचारा की जवळची दुसरी मान्यताप्राप्त संस्था कोणती, आणि संदर्भपत्र मागा. तोवर खंड पडायची वेळ आली तर तुमच्या डॉक्टरांनी स्वतःच्या ५०० मिलिग्रॅमच्या हद्दीतला, बिलावर घेतलेला साठा रुग्णाला तपासून समोर द्यावा आणि प्रत्येक गोळीची वेळेसह नोंद करावी. मॉर्फिनऐवजी तेवढ्याच ट्रामाडॉलच्या गोळ्या लिहून वेळ मारून नेऊ नका. ट्रामाडॉल खूपच सौम्य आहे, मॉर्फिनवर स्थिरावलेल्या रुग्णाला ते पुरत नाही.

व्हॉट्सअॅपवर चिठ्ठीचा फोटो पाठवून मॉर्फिन मागवू नका. मूळ कागद लागतो: तारीख, सही, डॉक्टरचा नोंदणी क्रमांक, रुग्णाचं नाव-पत्ता, डोस आणि एकूण गोळ्या. "दर चार तासांनी १" एवढंच लिहिलं आणि एकूण ८४ लिहिलं नाही म्हणून माणूस शंभर किलोमीटरवरून हात हलवत परत येतो, हे सारखं घडतं. डॉक्टरांनी आकडा अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहावा.

आता ४६ गोळ्या. त्या घरच्यांनीच ज्या रुग्णालयाने दिल्या तिथे परत कराव्यात. तुम्ही ताब्यात घेऊ नका. सोबत मृत्यूच्या दाखल्याची प्रत, मूळ चिठ्ठी आणि कार्ड. तिथे समोर मोजून घ्यायला सांगा आणि "इतक्या गोळ्या परत मिळाल्या" अशी तारखेसह पोच मागा. रुग्णालय त्या आपल्या हिशोबात वेगळ्या दाखवून आपल्या पद्धतीने निकालात काढेल. जाणं अगदीच शक्य नसेल तर केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेच्या २०२५ च्या मार्गदर्शनात १७ औषधांची यादी आहे, जी घरात ठेवण्यापेक्षा संडासात टाकून पाणी सोडणं बरं असं म्हटलंय. मॉर्फिन, फेंटानिल, ट्रामाडॉल, डायझेपाम त्यात आहेत. असं करताना घरातली दोन मोठी माणसं हजर असावीत आणि किती गोळ्या टाकल्या ते तुमच्या भेटीच्या वहीत लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. फेंटानिलचा वापरलेला पॅचही चिकट बाजू आत दुमडूनच टाकायचा, त्यात तीन दिवसांनंतरही लहान मुलाला धोकादायक ठरेल एवढं औषध उरतं. अल्प्राझोलामच्या पट्ट्या मॉर्फिनसोबतच परत द्या.

पुढच्या रुग्णांसाठी पहिल्याच भेटीत घरच्यांना हे सांगून टाका. दुःखाच्या घरात गोळ्यांचा विषय काढणं जड जातं. आधीच ठरलेलं असेल तर तेच फोन करतात.

---

फार्मसिस्ट_मिरज

डॉक्टरांच्या उत्तराला धरून विश्वस्तांसाठी एक प्रस्ताव. दरवेळी उसनवारीने रुग्ण सांभाळण्यापेक्षा ट्रस्टनेच मान्यताप्राप्त संस्था व्हावं. अर्ज फॉर्म ३-एफ मध्ये, अन्न व औषध प्रशासनाकडे. खरी अडचण एकच असते: वेदनाशमन आणि पॅलिएटिव्ह केअरचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक डॉक्टर संस्थेत हवा आणि औषधाची जबाबदारी त्याच्या नावावर. तुमच्या डॉक्टरांनी तो अभ्यासक्रम केला नसेल तर तिथून सुरुवात करा. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअर आणि तिरुवनंतपुरमची पॅलियम इंडिया यांचे अभ्यासक्रम चालतात. मान्यता ३ वर्षांची असते. मुदत संपायच्या चार-पाच महिने आधी नूतनीकरणाची फाइल लावा, कारण मधे एक महिना जरी खंड पडला तरी नवी खरेदी थांबते आणि कपाटातला साठा अडकून पडतो.

साठ्यासाठी भिंतीत बसवलेलं लोखंडी कपाट, दोन कुलपं, किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे. रोजची आवक-जावक-शिल्लक त्याच दिवशी, मोजून. आठवड्याने आठवून लिहिलेली वही तपासणीत लगेच ओळखू येते, सगळी शाई एकसारखी असते.

वार्षिक गरजेचा अंदाज द्यावा लागतो, तिथे संकोचाने कमी लिहू नका. वर्षाला २० रुग्ण, प्रत्येकी सरासरी ९० दिवस, दिवसाला ६० मिलिग्रॅम धरले तर १०८ ग्रॅम होतात, म्हणजे १० मिलिग्रॅमच्या १०,८०० गोळ्या. आकडा मोठा वाटतो म्हणून विश्वस्त तो निम्मा करायला सांगतील. मग निम्म्या वर्षातच साठा संपतो. गणित कागदावर मांडून अर्जाला जोडा, आणि वर्षात रुग्ण वाढले तर सुधारित आकडा लगेच लेखी कळवा.

---

सायली_गडहिंग्लज

रुग्णालयाशी बोलणं झालं. उद्या सकाळच्या एसटीने मुलगा जातोय, चिठ्ठीवर एकूण ८४ अंकी-अक्षरी लिहून घेतलंय. त्याच फेरीत दुसऱ्या घरची सूनही तिच्या सासऱ्यांच्या ४६ गोळ्या परत करायला निघतेय, मृत्यूच्या दाखल्यासह. फॉर्म ३-एफ आणि १०८ ग्रॅमचं गणित रविवारच्या विषयपत्रिकेवर पहिलंच घेतलं आहे.